बेलेंच्या पुढे तीन स्टेशनं

लिस्बनला जाऊन आलेला मराठी माणूस ओळखणं फार सोपं आहे. त्याच्याकडे चार फोटो हमखास असतात. चढावरून कुरकुरत येणारी पिवळी ट्राम, निळ्या-पांढऱ्या फरशांची भिंत, बेलेंचा बुरूज, आणि हातात अर्धा खाल्लेला पास्तेल द नाता. आमच्याकडेही हे चारही फोटो आहेत, तेव्हा कुणाला नावं ठेवायचा प्रश्नच येत नाही :)

पण हे चार फोटो काढून झाल्यावर आपण "लिस्बन बघितलं" असं म्हणतो, ते मात्र मला पटत नाही. आपल्या बाबतीत तर नाहीच. आपल्या म्हणजे महाराष्ट्र-गोव्याकडच्या माणसांच्या. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: आपल्याकडच्या माणसाने लिस्बनच्या चार दिवसांतला निदान अर्धा दिवस तिथल्या तुरुंगांसाठी राखून ठेवावा.

हे घरात बोलून दाखवल्यावर दोन प्रकारची उत्तरं मिळाली. आतेभाऊ म्हणाला, "अगं, सुट्टीला गेली होतीस ना? एवढे पैसे खर्चून तुरुंग कसले बघायचे?" आणि काका म्हणाले, "मुळात त्या लुटारूंच्या गावाला जायचंच कशाला?" दोघेही अगदी मनापासून बोलत होते, आणि दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की शहर मला फार आवडलं. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये जमलेले असताना इथे प्रचंड भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या आणि मग आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत राहिली. आज नदीकाठी जो सरळ रेषेतल्या रस्त्यांचा, एकसारख्या घरांचा भाग दिसतो तो त्यानंतर मार्केश द पोंबाल या मंत्र्याने नव्याने वसवलेला. घरांच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा बसवला, म्हणजे धक्का बसला तरी घर हललं पाहिजे पण पडायला नको. असा सांगाडा टिकतो का हे बघायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं होतं म्हणतात. एका शहराने इतक्या मोठ्या पडझडीतून असं डोकं शांत ठेवून उभं राहावं, हे बघून कुणालाही आदरच वाटेल.

त्याच्या मागच्या टेकडीवर आल्फामा. तिथल्या बोळांना सरळ रेषा माहीतच नाही. आपल्या कोकणातल्या पाखाडीसारख्या पायऱ्या, वर वाळत घातलेले कपडे, खिडकीतून आजीबाई खाली कुणाशी तरी बोलतायत. हे नाव अरबी. आणि ज्या निळ्या फरशांचे फोटो आपण काढतो त्यांचं 'अझुलेझु' हे नावही अरबीच. ११४७ साली हे शहर मूरांकडून जिंकून घेतलं गेलं, पण त्यांचे शब्द, त्यांचे बोळ शहराने ठेवून घेतले, आणि आज पर्यटकाला ते कौतुकाने दाखवतात. म्हणजे जुन्या गोष्टी थरांनी सांभाळायची या शहराला सवय आहे. प्रश्न फक्त हा की आपण त्यातले कुठले थर बघतो.

आता बेलें. शहराच्या मध्यापासून पश्चिमेला नदीकाठाने जावं लागतं. जेरोनिमोश मठ बघताना खरोखर मान दुखेपर्यंत वर बघत राहावं असं काम आहे. दगडात दोर कोरलेत, समुद्रातल्या वनस्पती कोरल्यात, खांब तर ताडाच्या झाडासारखे वर जाऊन छताला पसरतात. राजा मानुएल पहिला याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम काढलं, आणि त्याला पैसा कुठून आला तर आफ्रिका आणि पूर्वेच्या व्यापारावर बसवलेल्या सुमारे ५ टक्के करातून. त्या कराचं नावच मुळी मिऱ्यांवरून पडलेलं. थोडक्यात आपल्या किनाऱ्यावरच्या मिरीचाही या दगडात हात आहे.

चर्चमध्ये शिरल्यावर दोन बाजूंना दोन थडगी. एक कवी कामोंइशचं, दुसरं वास्को द गामाचं. गामा डिसेंबर १५२४ मध्ये कोचीला वारला. आधी तिथेच पुरला होता, १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, आणि १८८० मध्ये या मठात आणले. शाळेत आपण त्याच्याबद्दल एकच ओळ शिकलो, की १४९८ साली कालिकतला आला. १५०२ च्या फेरीत त्याने हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं, ती ओळ पुस्तकात नव्हती. हे कुण्या शत्रूने रचलेलं नाही, त्याच्याच ताफ्यातल्या माणसाने लिहून ठेवलेलं आहे. थडग्यावरच्या कोरीवकामात अर्थातच याचा पत्ता नाही.

बेलेंच्या बुरुजाच्या पायथ्याशी, एका बाजूच्या छोट्या मनोऱ्याखाली झिजलेलं गेंड्याचं डोकं आहे. तोही आपल्याच बाजूचा. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने तो आफोंसु द अल्बुकर्क याला भेट दिला, त्याने गोव्याहून जहाजात घालून राजाकडे धाडला. २० मे १५१५ ला तो लिस्बनला उतरला. जर्मनीत बसून ड्यूररने त्याचं जे प्रसिद्ध चित्र काढलं ते प्रत्यक्ष गेंडा न बघताच, ऐकीव वर्णनावरून. पुढे राजाने तो पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि वाटेत जहाज बुडून बिचारा मेला. लोक बुरुजाचा फोटो काढतात, गेंड्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तुम्ही गेलात तर जरूर शोधा.

आणि तिथेच नदीच्या कडेला ते प्रचंड पांढरं स्मारक, दर्यावर्द्यांचं. जहाजाच्या नाळेसारखं, दोन्ही बाजूंनी माणसं चढत चाललेली. पुष्कळांना ते खूप जुनं वाटतं. ते तसं मुळीच नाही. १९४० साली हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने एक भव्य प्रदर्शन भरवलं होतं, त्यासाठी आधी तात्पुरतं उभारलं, आणि १९६० मध्ये कायमचं दगड-सिमेंटात बांधलं. समोर जमिनीवर संगमरवरी दिशाचक्र आणि जगाचा नकाशा आहे, पोर्तुगीज कुठल्या साली कुठे पोचले ते दाखवणारा. ते दिशाचक्र त्यावेळच्या वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेची भेट. एकीकडे आफ्रिका-आशियातले देश भराभर स्वतंत्र होत होते, आणि हे साहेब साम्राज्याचा असा दगडी जाहीरनामा उभारत होते.

बरोबर त्याच १९६० साली सांगलीच्या एका माणसाला गोव्याहून पोर्तुगालला नेऊन तुरुंगात टाकलं गेलं. मोहन रानडे. मूळ नाव मनोहर आपटे. माझं माहेर सांगलीचं, म्हणून हे नाव घरात लहानपणापासून ऐकलेलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रानडे गोव्यात मराठी शिकवायला म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. त्यातली काही वर्षं गोव्यात काढल्यावर त्यांना लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात हलवलं. सहा वर्षांच्या आसपास एकांतकोठडी. आता पुढचं नीट वाचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पणजीत तिरंगा लागला, सगळीकडे पेढे वाटले गेले. आणि रानडे? ते आतच. ज्या कारणासाठी लढले ते साध्य झाल्यावर पुढची सात वर्षं ते परक्या देशाच्या तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी (होय, आपले बाबूजीच) वर्षानुवर्षं खटपट केली. शेवटी तेव्हाच्या मद्रास राज्याचे मुख्यमंत्री अण्णादुरै यांनी पोप पॉल सहावे यांच्या भेटीत हा विषय काढला, तिथून चक्रं फिरली, आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. अण्णादुरै स्वतः नास्तिक विचारांच्या चळवळीतले, आणि त्यांनी पोपकडे एका मराठी कैद्यासाठी शब्द टाकला! तेलो द मास्कारेन्हस हे गोव्याचे लेखक तर त्यानंतरही आत होते, ते १९७० मध्ये सुटले.

लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्थानकातून काश्काइशच्या समुद्रकिनाऱ्याला जाणारी लोकल मिळते. बहुतेक पर्यटक ती पकडतातच, कारण डावीकडे सगळा वेळ पाणी दिसतं. बेलें स्टेशन गेलं की आल्जेश, मग क्रूझ केब्राडा, आणि मग काशियश. वास्को द गामाच्या थडग्यापासून मोहन रानडेंच्या कोठडीपर्यंत फक्त तीन स्टेशनं. (सगळ्या स्टेशनांवर थांबणारी गाडी घ्यावी, जलद गाडी काशियशला थांबत नाही.) तिथे बघायला काही नाही, हे आधीच सांगते. स्टेशनजवळ पाण्याच्या कडेला दिसतो तो छोटा देखणा किल्ला वेगळा, तो साओ ब्रूनोचा. तुरुंगाचा किल्ला आत टेकडीच्या बाजूला, आणि ते काही पर्यटनस्थळ नाही. उतरायचं, टेकडीकडे बघायचं, पुढची गाडी पकडायची. एवढंच. आम्ही तेवढंच केलं.

हे नुसतं बघून काय मिळतं, असं आतेभावाने विचारलंच. त्याला मी उलट विचारलं, "तू अंदमानला गेला होतास तेव्हा सेल्युलर जेल बघितलंस की नाही?" बघितलं होतं. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघून डोळ्यांत पाणी आलं होतं, हे त्यानेच आम्हाला सांगितलं होतं. अंदमानची सहल तुरुंग न बघता करून आलो असं म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. तिथे कुणी "सुट्टीत तुरुंग कसले" असं म्हणत नाही. मग लिस्बनलाच ते का सुचतं? कारण तिकडे आपल्याला कुणी दाखवत नाही, आणि आपण विचारत नाही. सहल कंपनीच्या कागदावर जे छापलेलं असतं ते बघून येतो.

बरं, काशियशला उतरणं हा श्रद्धेचा भाग झाला. पण नीट बघण्यासारखंही बरंच आहे. लिस्बनच्या जुन्या कॅथेड्रलच्या शेजारी आल्जुब नावाची इमारत आहे. हे नावसुद्धा अरबी, अंधारकोठडी किंवा कोरडी विहीर अशा अर्थाचं. १९२८ ते १९६५ पर्यंत हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, आणि २०१५ मध्ये इथे संग्रहालय उघडलं. आतल्या कोठड्या बघून अंगावर काटा येतो, जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढी जागा. वसाहतींमधल्या लढ्यांबद्दलही तिथे मांडलेलं आहे. गंमत म्हणजे आपण जिचा फोटो काढतो ती पिवळी २८ नंबरची ट्राम याच्या दारावरून जाते. वाट वाकडी करायचीही गरज नाही!

वेळ असेल त्यांनी लिस्बनच्या उत्तरेला समुद्रकाठच्या पेनीशच्या किल्ल्यात जावं. १९४६ च्या जूनमध्ये मडगावला लोहियांची सभा झाली आणि गोव्यात धरपकड सुरू झाली, त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे यांना शिक्षा ठोठावून इथे आणलं होतं. काकोडकर म्हणजे अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकरांचे वडील. या किल्ल्याचं मध्यंतरी हॉटेल करायचं घाटत होतं. २०१६ मध्ये तशी यादीच निघाली होती. जुन्या कैद्यांनी आणि इतर लोकांनी आवाज उठवला, बेत रद्द झाला, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं.

इथेच काकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. हा किल्ला कुणी वाचवला? पोर्तुगीज माणसांनीच. काशियशला, पेनीशला, आल्जुबला आपल्या लोकांच्या शेजारच्या कोठडीत कोण होतं? पोर्तुगीज कामगार, विद्यार्थी, कम्युनिस्ट, लेखक. पीदे नावाचे जे गुप्त पोलीस गोव्यातल्या माणसांना छळत होते तेच लिस्बनच्या माणसांनाही छळत होते. लिस्बनमध्ये कार्मु नावाचं एक छप्पर नसलेलं चर्च आहे. १७५५ च्या भूकंपात पडलं ते तसंच ठेवलंय, कमानींवर नुसतं आकाश. सगळे ते बघायला जातात. त्याच्याच शेजारच्या बराकीत २५ एप्रिल १९७४ ला सालाझारचा वारस कायतानु शरण आला. आफ्रिकेतल्या वसाहतींची युद्धं लढून कंटाळलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी हे बंड केलं, आणि लोकांनी त्यांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचली. त्या दिवशी पीदेच्या कचेरीतून झालेल्या गोळीबारात चौघे मेले. दोनच दिवसांत काशियशची दारं उघडली आणि सगळे राजकीय कैदी बाहेर आले. आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोवा भारताचा आहे हे मान्य केलं, मुक्तीनंतर तब्बल तेरा वर्षांनी.

म्हणजे ज्या राजवटीने रानडेंना डांबलं, ती राजवट लिस्बनकरांनीच पाडली. "लुटारूंचं गाव" म्हणून पाठ फिरवली तर गामा तेवढा आपल्या लक्षात राहतो आणि त्या शेजारच्या कोठडीतल्या माणसांवर अन्याय होतो. काका, तुम्ही आणीबाणीत आत होतात. तुम्हाला हे मी सांगायला नको.

अर्थात, तिकडची बाजू सगळी चांगली असं मला अजिबात म्हणायचं नाही. बेलेंला थडग्याजवळ उभं राहून आसपासचे गाईड काय सांगतात ते मी कान देऊन ऐकलं. मसाले, शौर्य, नवे समुद्रमार्ग. जळालेल्या जहाजाचा उल्लेख माझ्या कानावर एकदाही आला नाही. देशातल्या हुकूमशाहीबद्दल बोलायला ते लोक शिकलेत, साम्राज्याबद्दल बोलणं अजून जड जातंय असं दिसतं. पण तो त्यांचा अभ्यास आहे, त्यांना करू दे. मला काळजी आपल्या अभ्यासाची आहे.

आपल्याकडे पोर्तुगीजांचा विषय निघाला की आपण हौसेने शब्दांची यादी सांगतो. पाव त्यांचा, बटाटा त्यांचा, साबण, चावी, काजू, अननस, पगार... प्रत्येक मराठी माणसाने ही यादी कधी ना कधी पाहुण्यांना ऐकवलेली असते. मीही ऐकवते. त्या यादीत 'तुरुंग' हा शब्द फार क्वचित येतो. तोही पोर्तुगीज 'ट्रोंकु'वरूनच आलाय असं मानतात. पाव आठवतो, तुरुंग विसरतो. त्यात वाईट हेतू नाही, गोड ते लक्षात राहायचंच. पण मोहन रानडे २०१९ साली पुण्यात गेले तेव्हा माझ्या ओळखीतल्या तिशीतल्या चार मुलांना मी विचारलं होतं, एकालाही नाव माहीत नव्हतं. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती हेही नाही. त्यांच्यातले दोघे लिस्बनला जाऊन आलेले! पोर्तुगीजांनी लक्षात ठेवावं ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची?

तेव्हा मंडळी, जाणार असाल तर जरूर जा. मठ बघा, गेंडा शोधा, आल्फामात हरवा, टार्ट गरमगरम खा, वर दालचिनी भुरभुरून (ती तरी कुठून आली म्हणा!). एक सकाळ आल्जुबला द्या. बरोबर गाईड असेल तर त्याला गोव्याच्या कैद्यांबद्दल विचारा. माहीत नसेल तर तुम्ही सांगा, दहा वेळा विचारलं गेलं की अकराव्या वेळी तो वाचून येईल. आणि काश्काइशला जाताना काशियशला उतरा. जाण्यापूर्वी रानडेंचं 'सतीचे वाण' मिळवून वाचलंत तर फारच उत्तम. सांगलीच्या घरी एक प्रत आहे. आतेभावाने नेली आहे सध्या, त्याचं झालं की पुढचा नंबर ज्याला हवा असेल त्याने कळवा.